बॅकअप घेताना सॉकेट फाइलचे काय करायचे

युनिक्स आणि तिच्या वंशातल्या लिनक्ससारख्या प्रणालींत सॉकेट नावाची एक फाइल आढळते. तिला नाव असते, मालक असतो, ती कोणी वापरावी याच्या परवानग्या असतात. डिरेक्टरीची यादी काढली की ती इतर फाइलींच्या रांगेत दिसते. मात्र तिच्यात साठवलेला मजकूर शून्य असतो. एकाच यंत्रावर चालणाऱ्या दोन प्रोग्रॅमांना एकमेकांशी बोलायचे असते, तेव्हा भेटीचे ठिकाण म्हणून ती उपयोगी पडते. रात्रीचा बॅकअप चालू असताना टारसारखा प्रोग्रॅम या फाइलपाशी पोहोचतो, तिला ओलांडून पुढे जातो आणि नोंदवहीत ‘सॉकेट इग्नोअर्ड’ एवढी ओळ लिहून ठेवतो. सर्व्हर सांभाळणाऱ्या नव्या माणसाला ती ओळ खटकते. बॅकअप म्हणजे सगळे काही जपणे, मग एक फाइल सुटली कशी? शंका रास्त आहे. तिचे उत्तर समजून घेतले की बॅकअपमध्ये नेमके काय जपायचे असते, तेही उलगडते.

भोपाळसारख्या राजधानीच्या शहरात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. १२ जून २०२३ रोजी अरेरा हिल्सवरच्या सतपुडा भवनाला आग लागली. तिसऱ्या मजल्यावरच्या आदिवासी विभागाच्या कार्यालयातून ती सहाव्या मजल्यापर्यंत चढली. आरोग्य विभागाची कार्यालये तिच्या तडाख्यात सापडली आणि कागदपत्रांची मोठी हानी झाली. पुढे ९ मार्च २०२४ रोजी वल्लभ भवन या मंत्रालयाच्या इमारतीतही आग भडकली. मराठी वाचकांना २१ जून २०१२ची मुंबईच्या मंत्रालयाची आग आठवत असेल. सतपुडा भवनाच्या शेजारच्याच विंध्याचल भवनात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे, म्हणजे एनआयसीचे, मध्य प्रदेशातले राज्य केंद्र आहे. राज्याचे डेटा सेंटरही याच शहरात आहे. दिल्ली, पुणे, हैदराबाद आणि भुवनेश्वर यांच्या पाठोपाठ एनआयसीचे पाचवे राष्ट्रीय डेटा सेंटर भोपाळला उभारण्याची घोषणा केंद्र सरकारने २०१८ मध्ये केली. सरकारी कामात मुक्त स्रोत प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण २०१५ पासून लागू आहे. त्यामुळे लिनक्स चालवणे आणि तिचा बॅकअप घेणे हे सरकारी संगणक विभागांचे रोजचे काम होत गेले. नागरिकांचे दाखले, जमिनीचे उतारे, पगाराची देयके अशा नोंदी ज्या यंत्रांवर असतात, तिथे बॅकअपच्या नोंदवहीतली प्रत्येक ओळ समजणे ही जबाबदारीची गोष्ट आहे.

युनिक्समध्ये फाइलींचे सात प्रकार सहसा भेटतात. साधी फाइल, डिरेक्टरी, दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारा सांकेतिक दुवा, दोन तऱ्हेच्या उपकरण फाइली, नावाचा पाइप आणि सॉकेट. ‘एलएस’ या आज्ञेने सविस्तर यादी काढली तर प्रत्येक ओळीचे पहिले अक्षर हा प्रकार सांगते. सॉकेटसाठी ते अक्षर ‘एस’ असते आणि आकाराच्या रकान्यात शून्य दिसते. यांतल्या शेवटच्या चार प्रकारांना विशेष फाइली म्हणतात, कारण त्यांच्या नावामागे डिस्कवरचा मजकूर नसून कर्नलने, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याने, चालवलेली एखादी सोय असते.

सॉकेट हा या मंडळींतला उशिरा आलेला सदस्य. बेल लॅब्जमध्ये १९६९ साली युनिक्सचा जन्म झाला, तेव्हा तो नव्हता. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेने १९८३ मध्ये ४.२ बीएसडी ही आवृत्ती काढली आणि तिच्याबरोबर सॉकेट आले. दोन यंत्रांमधल्या संवादासाठी जी व्यवस्था बांधली, तीच एका यंत्रातल्या दोन प्रोग्रॅमांनाही वापरता यावी, हा त्यामागचा विचार होता. यंत्रांमधल्या संवादात पत्ता म्हणून आयपी क्रमांक आणि पोर्ट लागतो. यंत्राच्या आतल्या संवादात पत्त्याचे काम फाइलचे नाव करते.

हे घडते असे. डेटाबेससारखा सेवा देणारा प्रोग्रॅम सुरू होतो आणि कर्नलला एक मार्गनाम देऊन सांगतो की या नावावर माझी गाठ पडेल. कर्नल त्या जागी सॉकेट प्रकारची नोंद तयार करतो. दुसरा प्रोग्रॅम तेच नाव घेऊन जोडणी मागतो. कर्नल त्या नोंदीवरून मेमरीतल्या जिवंत रांगेपर्यंत पोहोचतो आणि दोघांना जोडून देतो. पुढची सगळी देवाणघेवाण मेमरीतच होते, तिचा एक बाइटही त्या फाइलमध्ये उतरत नाही. सरकारी कार्यालयातल्या खिडकीसारखे हे आहे. अर्ज तिथून आत जातात, दाखले तिथून बाहेर येतात, पण खिडकीच्या चौकटीत काही साठत नाही, आणि आत कारकून नसेल तर तिचा उपयोगही नाही.

एक बारकावा महत्त्वाचा आहे. सेवा देणारा प्रोग्रॅम बंद पडला तरी सॉकेटचे नाव आपोआप पुसले जात नाही. प्रोग्रॅमने ते स्वतः काढायचे असते. यंत्राची वीज अचानक गेली किंवा प्रोग्रॅम मध्येच कोसळला, तर नाव डिस्कवर तसेच राहते. अशा अनाथ सॉकेटला कोणी जोडणी मागितली तर कर्नल नकार देतो. सेवा पुन्हा सुरू करताना त्याच नावावर हक्क सांगितला, तर ‘हा पत्ता आधीच वापरात आहे’ अशी तक्रार येते. म्हणून नीट लिहिलेले प्रोग्रॅम सुरू होताना जुने नाव आधी पुसतात आणि मग नवे बांधतात.

बॅकअपचा संबंध इथे येतो. साधी फाइल उघडतात तसे सॉकेट उघडायला गेले तर कर्नल ते उघडू देत नाही, असे उपकरण किंवा पत्ता नाही असा निरोप परत येतो. वाचण्यासारखे काही नसल्यामुळे मजकुराची प्रत काढणे शक्यच नसते. त्या मानाने नावाचा पाइप जास्त त्रासदायक. त्याला वाचायला उघडले आणि दुसऱ्या टोकाला लिहिणारा कोणी नसला, तर उघडणारा प्रोग्रॅम तिथेच थांबून राहतो. फाइलचा प्रकार न तपासणारी घरगुती स्क्रिप्ट त्यामुळे रात्रभर एका जागी अडकू शकते. उपकरण फाइलींपैकी शून्ये पुरवणारी फाइल वाचायला घेतली तर ती कधी संपतच नाही. म्हणून चांगली बॅकअप साधने आधी फाइलचा प्रकार विचारतात आणि मगच तिला हात लावतात.

टार सॉकेट का सोडतो, याचे कारण त्याच्या इतिहासात आहे. टार १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्सबरोबर आला, म्हणजे सॉकेटच्या आधी. पुढे १९८८ च्या पॉझिक्स प्रमाणकात टारच्या संग्रहाची रचना ठरवली गेली. तिच्यात साधी फाइल, दुवे, उपकरणे, डिरेक्टरी आणि नावाचा पाइप यांना प्रकारक्रमांक मिळाले, सॉकेटला मिळाला नाही. सॉकेटची व्यवस्था पॉझिक्सच्या मुख्य प्रमाणकात आली ती २००१ मध्ये. म्हणजे टारच्या संग्रहात सॉकेट ठेवायला खणच नाही. बीएसडीचा टार हे उघड सांगतो, या रचनेत सॉकेट साठवता येत नाहीत असा त्याचा संदेश असतो. ग्नू टार सूचना देऊन पुढे सरकतो. या सूचनेमुळे त्याचा निकालक्रमांक बदलत नाही. बाकी सगळे सुरळीत असेल तर तो शून्यच राहतो, म्हणजे काम यशस्वी.

इतर साधनांचे वागणे वेगवेगळे आहे. सीपीआयओच्या संग्रहात फाइलचा प्रकार सांगणारी मूळ संख्या जशीच्या तशी नोंदवली जाते, त्यामुळे त्याला सॉकेटचे नाव जपता येते. बीएसडीच्या डम्प आणि रिस्टोअर या जोडीतला रिस्टोअर परत मांडताना सॉकेट वगळतो. बॅक्युला सॉकेट वगळल्याची नोंद करतो. मेरीलँड विद्यापीठात तयार झालेल्या अमांडाने टारची ‘सॉकेट इग्नोअर्ड’ ही ओळ नेहमीच्या, काळजी नसलेल्या ओळींच्या यादीतच घालून ठेवली आहे. बोर्गच्या माहितीपत्रकात तर स्पष्ट म्हटले आहे की सॉकेट निर्माण करणारा प्रोग्रॅम चालू नसेल तर त्याला अर्थ नाही आणि तो प्रोग्रॅम सॉकेट नव्याने बनवणारच आहे, म्हणून ते साठवले जात नाहीत. वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या काळात लिहिलेल्या या साधनांपैकी बहुतेकांचे सॉकेट न जपण्यावर एकमत आहे. एखादा बॅकअप सॉकेटविना निघाला, तर त्यात काही उणे राहिले असे मानण्याचे कारण नाही.

आरसिंकचा मात्र वेगळा विचार करावा लागतो. १९९६ मध्ये अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी आणलेले हे साधन दुसऱ्या यंत्रावर किंवा दुसऱ्या डिस्कवर प्रत ठेवण्यासाठी फार वापरले जाते. त्याचा ‘ए’ हा सर्वसमावेशक पर्याय दिला की उपकरणे आणि विशेष फाइलीही त्यात येतात, आणि आरसिंक पलीकडे त्याच नावाचा रिकामा सॉकेट बनवायचा प्रयत्न करतो. पलीकडची डिस्क लिनक्सच्या नेहमीच्या फाइलप्रणालीची असेल तर हे जमून जाते. पण छोट्या कार्यालयांत आणि महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत बाहेरून जोडलेली यूएसबी डिस्क पुष्कळदा विंडोजशी जुळणाऱ्या फॅट प्रकारात असते. तिथे सॉकेट बनवता येत नाही. आरसिंक चूक नोंदवतो आणि शेवटी २३ हा निकालक्रमांक देतो, म्हणजे प्रत अर्धवट झाली. प्रत्यक्षात एकही उपयोगी फाइल मागे राहिलेली नसताना बॅकअप अपयशी ठरतो. इलाज सोपा आहे. आरसिंकला विशेष फाइली घेऊ नकोस असे पर्यायाने सांगावे, म्हणजे निकालक्रमांक पुन्हा विश्वासार्ह होतो.

परत मांडलेला जुना सॉकेट कधी घोटाळाही करतो. मायएसक्यूएल या डेटाबेसशी जोडणी जमली नाही तर २००२ क्रमांकाची चूक दिसते, आणि तिच्या शेवटी कंसात कर्नलचा क्रमांक असतो. लिनक्सवर तो २ असेल तर त्या जागी सॉकेटची फाइलच नाही. सेवा सुरू झालेली नाही किंवा दोन्ही बाजूंना वेगवेगळे मार्गनाम दिले आहे, हे लगेच लक्षात येते. तो १११ असेल तर फाइल आहे, पण पलीकडे ऐकणारा कोणी नाही. बॅकअपमधून आलेला मृत सॉकेट नेमका हा दुसरा क्रमांक दाखवतो. दुरुस्ती करणारा मग परवानग्या आणि पासवर्ड तपासत बसतो. काही देखरेख करणाऱ्या स्क्रिप्ट तर फाइल आहे की नाही एवढेच बघतात आणि सेवा चालू असल्याचा निर्वाळा देतात. अशा ठिकाणी फाइल नसणे हेच जास्त खरे बोलते.

सॉकेटच्या शेजारी राहणाऱ्या साध्या फाइलींकडे जास्त लक्ष द्यायला हवे, आणि ते सहसा दिले जात नाही. पोस्टग्रेएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस आपल्या सॉकेटजवळ त्याच नावावर बेतलेली एक कुलूप फाइल ठेवतो, आणि डेटा डिरेक्टरीत आपला प्रक्रियाक्रमांक लिहिलेली आणखी एक फाइल ठेवतो. या दोन्ही साध्या फाइली असल्यामुळे टार सॉकेट सोडतो पण यांना मुकाट्याने उचलतो. दुसऱ्या यंत्रावर बॅकअप मांडला आणि योगायोगाने तोच प्रक्रियाक्रमांक तिथे भलत्याच प्रोग्रॅमला मिळालेला असला, तर डेटाबेस आधीच चालू आहे असे समजून तो सुरू व्हायला नकार देऊ शकतो. म्हणून पोस्टग्रेएसक्यूएलच्या अधिकृत माहितीत डेटा डिरेक्टरीची प्रत घेताना प्रक्रियाक्रमांकाची फाइल वगळण्याचा सल्ला दिलेला आहे. निरुपद्रवी सॉकेटची सूचना रोज दिसते. त्याच्याइतकीच क्षणभंगुर असलेली ही दुसरी फाइल मात्र कसलीही सूचना न देता बॅकअपमध्ये जाऊन बसते.

मग जपायचे काय? सॉकेट ज्या डिरेक्टरीत जन्माला येतो ती डिरेक्टरी, तिचा मालक आणि तिच्या परवानग्या. लिनक्सवर सॉकेटशी जोडणी करायला त्या फाइलवर लिहिण्याची परवानगी लागते, आणि वाटेतल्या प्रत्येक डिरेक्टरीतून जाण्याचीही. टपाल सांभाळणाऱ्या पोस्टफिक्सची ‘प्रायव्हेट’ नावाची डिरेक्टरी सॉकेटांनी भरलेली असते, आणि ती फक्त पोस्टफिक्सच्या खात्यासाठी खुली असते. पोस्टफिक्स सुरू झाला की त्याचा मुख्य प्रोग्रॅम हे सॉकेट पुन्हा तयार करतो. टारच्या संग्रहात ही डिरेक्टरी रिकामी दिसली तरी हरकत नाही. ती चुकीच्या मालकीने परत मांडली गेली, तर मात्र टपाल अडते.

बहुतेक नव्या प्रणालींत चालू सेवांचे सॉकेट ‘रन’ या डिरेक्टरीत असतात. फाइलप्रणालीच्या रचनेचे जे सर्वमान्य प्रमाणक आहे, त्याच्या २०१५ च्या ३.० आवृत्तीने तात्पुरत्या सॉकेटांसाठी ही जागा नेमून दिली. ती सहसा मेमरीत असते आणि यंत्र पुन्हा सुरू झाले की कोरी होते. तिथले काहीही बॅकअपमध्ये घ्यायची गरज नाही. तिथल्या उपडिरेक्टऱ्या कोणी, कोणत्या मालकीने तयार करायच्या याच्या सूचना मात्र सेवा सुरू करणाऱ्या सिस्टमडी या प्रोग्रॅमच्या मांडणी फाइलींत असतात. त्यांतल्या ज्या स्थानिक माणसाने स्वतः लिहिलेल्या असतात त्या ‘ईटीसी’ खाली असतात. बॅकअपमधून ‘ईटीसी’ सुटली, तर सेवा सुरू होताना तिला आपला सॉकेट ठेवायला जागाच सापडत नाही. तिथे चूक सॉकेटच्या नावाने दिसते, मूळ कारण मात्र हरवलेल्या मांडणी फाइलीत असते.

दुसरी जपायची गोष्ट म्हणजे सॉकेटच्या पलीकडचा खरा डेटा. डेटाबेस चालू असताना त्याच्या फाइली सरळ टारने उचलल्या, तर काही पाने जुनी आणि काही नवी अशी विसंगत प्रत हाती येते. त्यापेक्षा डेटाबेसलाच सुसंगत प्रत मागावी. मायएसक्यूएलसाठी मायएसक्यूएलडम्प आणि पोस्टग्रेएसक्यूएलसाठी पीजीडम्प ही साधने आहेत. ती त्याच यंत्रावर चालवली तर डेटाबेसशी सहसा सॉकेटमधूनच बोलतात. म्हणजे ज्या फाइलची प्रत घेता येत नाही, तिच्या वाटेनेच खऱ्या माहितीची प्रत बाहेर येते.

सॉकेट वगळताना नावावर विसंबणे धोक्याचे. पुष्कळ सॉकेटांच्या नावाला ‘सॉक’ असे शेपूट असते, पण पोस्टग्रेएसक्यूएलच्या सॉकेटाचे नाव टिंबाने सुरू होऊन ५४३२ या पोर्टक्रमांकाने संपते, आणि चित्रपडद्याच्या एक्स सर्व्हरचा सॉकेट नुसता ‘एक्स शून्य’ असतो. उलट ‘सॉक’वर संपणारी एखादी साधी फाइल कोणीतरी जपून ठेवलेली असू शकते. म्हणून फाइंड या आज्ञेला प्रकार विचारून सॉकेटांची यादी काढावी आणि ती बॅकअप सुरू करण्याआधी एकदा डोळ्यांखालून घालावी. ‘रन’ आणि तात्पुरत्या फाइलींच्या डिरेक्टऱ्यांबाहेर सॉकेट दिसला, तर तो कोणत्या सेवेचा आहे ते शोधावे. ‘एसएस’ आणि ‘एलएसओएफ’ या आज्ञा तो कोणाच्या हाती आहे ते सांगतात. कोणाच्याच हाती नसेल तर तो मेलेला आहे.

सूचना बंद करण्याच्या मोहाविषयी थोडे सावध राहायला हवे. ग्नू टारला दुर्लक्षित फाइलींच्या सूचना देऊ नकोस असे सांगता येते. पण त्या एका पर्यायाने ओळख न पटलेल्या प्रकारच्या फाइलींच्या सूचनाही गप्प होतात. दुसरीकडे, काहीच न करता रोज डझनभर सॉकेटांच्या ओळी ईमेलने येऊ देणे त्याहून वाईट. काही आठवड्यांत ते पत्र कोणी उघडत नाही, आणि ज्या दिवशी त्याच पत्रात ‘परवानगी नाही’ अशी एखाद्या खऱ्या फाइलविषयीची ओळ येते, ती वाचली जात नाही. सॉकेटच्या संदर्भातली खरी जोखीम हीच आहे. म्हणून सॉकेट आधीच यादीतून काढून टारला उरलेल्या फाइली द्याव्यात, किंवा नोंदवहीतून फक्त ती ठरावीक ओळ गाळावी. बाकीची प्रत्येक ओळ माणसाच्या नजरेखालून गेलीच पाहिजे, आणि निकालक्रमांक शून्याहून वेगळा आला तर पत्राच्या विषयातच तो दिसला पाहिजे.

संपूर्ण डिस्कची प्रतिमा किंवा आभासी यंत्राचा स्नॅपशॉट घेतला, तर सॉकेटच्या नोंदीही त्यात आपोआप येतात, कारण तिथे फाइल-फाइल निवड होत नाही. अशी प्रतिमा सुरू केली की मेमरीतले सॉकेट नाहीसे झालेले असतात, डिस्कवरचे मात्र जुन्या नावानिशी उरतात. नीट लिहिलेल्या सेवा ते पुसून नवे बांधतात. एखादी सेवा ‘पत्ता वापरात आहे’ म्हणत थांबली, तर ती खरोखर बंद आहे याची खात्री करूनच जुने नाव हाताने काढावे. चालू सेवेचा सॉकेट पुसला तर आधीच्या जोडण्या टिकतात, पण नव्या कोणालाही ती सेवा सापडत नाही आणि तिला पुन्हा सुरू करावेच लागते.

बॅकअपची परीक्षा तो परत मांडून बघण्यातच होते, आणि ती मूळ यंत्रापासून दूर, दुसऱ्या इमारतीत किंवा दुसऱ्या शहरात ठेवलेल्या प्रतीवर घ्यावी. रिकाम्या यंत्रावर संग्रह उलगडावा, डिरेक्टऱ्यांची मालकी मूळ यादीशी ताडून पाहावी, शिळ्या प्रक्रियाक्रमांकांच्या फाइली काढाव्यात आणि मग एकेक सेवा सुरू करावी. त्यानंतर सॉकेटांची यादी पुन्हा काढावी. मूळ यंत्रावरचे प्रत्येक नाव तिथे आजच्या वेळेसह दिसले पाहिजे, आणि प्रत्येकाला एखादी साधी जोडणी मागून बघितली पाहिजे. एखादे नाव उगवले नाही, तर त्या सेवेची मांडणी किंवा तिची डिरेक्टरी बॅकअपमधून सुटली आहे, आणि ती बॅकअपच्या यादीत त्याच दिवशी घालायला हवी.